आजी, जागी आहेस?

"काका, तुमचा समुद्र रात्री जरा हळू होत नाही का हो?" पुण्याच्या एका पाहुण्यानं परवा सकाळी विचारलं. डोळे तांबारलेले, आवाजात तक्रार. परसातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्यापासून हा प्रश्न मी नाना तऱ्हांनी ऐकला आहे. ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत माणसं दिवेआगरला येतात ती मुळात झोपायला, आणि पहिली रात्र गाज ऐकत कुशी बदलण्यात घालवतात. मी म्हटलं, "आज रात्री झोपाल." २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीइतकी गाढ झोपत नाही, जरा कुठे वेगळं खुट्ट झालं, की ती कान टवकारते. आमच्याकडचे कुत्रे हेच करतात, पण त्याचा शोधनिबंध कोण लिहिणार!

मला उलट गाजेवाचून झोप यायची नाही. साठच्या दशकातलं लहानपण. ओटीवर आम्ही सहा भावंडं ओळीनं, खाली घोंगडी, वर जुन्या लुगड्यांची गोधडी. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आजी म्हणायची, आणि आम्हाला खरंच उशाला काय आहे याची शुद्ध नसे. पहाटे वाडीतला रहाट सुरू व्हायचा. पोफळींना पाणी सुटायचं, रहाट कुरकुरायचा आणि त्या कुरकुरीत झोप आणखी घट्ट व्हायची. तो थांबला की मात्र जाग यायची. आवाजानं नाही, आवाज बंद पडल्यानं.

मध्यरात्री कधी डोळा उघडलाच, तर माजघराच्या उंबऱ्याशी आजी बसलेली असे. हातात अडकित्ता. अंधारात सुपारी कातरल्याचा कट्ट, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा कट्ट.

"आजी, जागी आहेस?"

"आहे रे. नीज."

एवढं पुरायचं. भुताखेतांपासून विंचवापर्यंत साऱ्यांचा बंदोबस्त त्या दोन शब्दांत झालेला असे.

१९७९ मध्ये मुंबईला एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि पंधरा वर्षं रात्रपाळी केली. पहाटे गिरगावातल्या चाळीत परतायचं आणि जग उठत असताना आडवं व्हायचं. नळावरची भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला. झोपेचं पार खोबरं. आठ तास अंथरुणात काढूनही अंग आंबलेलं उठायचं. याचं कारण पुढे कळलं. डोळ्यांत उजेड शिरला, की शरीरातलं घड्याळ दिवस झाला असं समजतं आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक आवरतं घेतं. खिडकीला जुनी चादर लावून त्याला किती फसवणार? या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्याआधी, २००७ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं रात्रपाळीला बहुधा कर्करोगकारक म्हटलं होतं. आम्हाला तेव्हा रात्रभत्ता मिळायचा आणि आम्ही त्यावर खूश होतो. एकदा मंत्र्यांचं 'विधान' माझ्या डोळ्यांदेखत 'निधन' म्हणून छापून गेलं. नोकरी वाचली; मंत्रीही पुढे बरीच वर्षं जगले.

गावी आलो, की मात्र पहिल्याच रात्री ढाराढूर. त्या झोपेचा मला अभिमान होता. २०१२ च्या पाडव्याला असाच आलो होतो. गुढी उतरवली, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, निजलो. सकाळी उठलो तर गावात पोलीस. १९९७ मध्ये एका वाडीत जमिनीखाली सापडलेला सुवर्णगणेश रात्रीतून चोरीला गेला होता आणि देवळाचे दोन राखणदार मारले गेले होते. ती २४ मार्चची पहाट. हाकेच्या अंतरावर हे घडत होतं आणि मी घोरत होतो. कळलं असतं तरी मी काय करणार होतो, हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळदा केला. पटला कधीच नाही. २०२१ मध्ये गणपतीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. आमच्या ओटीवर मात्र त्या चोरीनंतर कोणी निजलं नाही. दारांना आतून अडसर आले आणि कुत्रं भुंकलं, की घराघरांत दिवे लागू लागले.

म्हणून ३ जून २०२० च्या रात्रीचं मला अजून नवल वाटतं. मी निवृत्त होऊन इथंच राहत होतो. दुपारी निसर्ग वादळ आलं आणि काही तासांत कौलं उडाली, बापजाद्यांनी लावलेल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. सुपारीचं नवं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. माझ्या वयात तो हिशेब करून पाहणंही जड. वीज गेलेली, अंगावर ओले कपडे. शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात आम्ही वीसेक जण जमिनीवर पडलो. कोरोनाचं अंतरबिंतर वाऱ्यानं कधीच नेलं होतं. कुणी खोकत होतं, कुणाचं तान्हं रडत होतं, दाराशी दोघं-तिघं बॅटरी घेऊन बोलत बसले होते. मला वाटलं, आज कसला डोळा लागतोय. आणि लागला तो उजाडल्यावरच उघडला. सगळं गेलेल्या रात्री इतकी चांगली झोप लागल्याची लाजही वाटली.

आता तीनला जाग येते. वयाबरोबर गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि ते आतलं घड्याळही पुढे सरकतं, असं डॉक्टर सांगतात. दिवेलागणीनंतरचा चहा मी सोडला. पाहुण्यांना देतो, त्यांची झोप त्यांच्यापाशी. तरी तीन म्हणजे तीन. मग उगाच लोळत न राहता ओटीवर येऊन बसतो. अशाच एका रात्री डोक्यात लख्ख उजेड पडला: आजी आमची राखण करत नव्हती. म्हातारीला झोपच येत नव्हती!

त्या पुणेकराची दुसरी रात्र. साडेतीनच्या सुमाराला खोलीचं दार करकरलं. पाण्याची बाटली घेऊन तो अंगणात आला आणि ओटीवरची आकृती पाहून दचकला.

"काका? तुम्ही जागे आहात?"

"आहे," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."

तो आत गेला. थोड्या वेळानं गाजेच्या वरताण घोरणं ऐकू येऊ लागलं.