वखारवाल्यांच्या गावी

पत्र पहिले : बोटीवरून, हार्विच ते हुक ऑफ हॉलंड

वेंगुर्ल्याच्या बायला, म्हणजे आजीच्या बहिणीला, आधीच सांगून ठेवलेलं बरं, की या पत्रांत 'मी' कुणी नाही. लिहिणार आजी, त्यातल्या चुका काढणार दादू (वय नऊ), आणि उरलेल्या जागेत चित्रं काढणार चिऊ (वय सहा). तिघांचं मिळून एक पत्र म्हटल्यावर 'मी' कोण, यावरून स्टेशनावरच भांडण जुंपलं. तेव्हा सगळ्यांना नावानंच हाक मारायची. पत्र कागदावर लिहायचं, त्याचे फोटो बायच्या सुनेच्या फोनवर पाठवायचे, आणि तिनं ते बायला वाचून दाखवायचं. चित्रांचं वर्णनही करायचं, कारण बायचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे.

निघायचं कारण साधं आहे. इंग्लंडातल्या शाळांना जुलैच्या अखेरीपासून सहा आठवडे सुट्टी आणि मुलांच्या आईबापांची रजा सगळी मिळून तीन आठवडे. शाळा चालू असताना मुलांना फिरायला न्यावं, तर दर पालकामागे आणि दर मुलामागे ८० पौंड दंड. म्हणजे जायचं ते सगळं जग जातं तेव्हाच, महागात, आणि मधल्या आठवड्यांना आजी हाताशी धरून. लंडनमधली निम्मी आज्यांची जमात ऑगस्टात याच नोकरीवर असते.

हॉलंडच का, हे बायला सांगायला नको. वेंगुर्ल्याच्या डच वखारीत दोघी बहिणी लपाछपी खेळल्या. छप्पर गेलेलं, जांभ्याच्या भिंतींतून पिंपळ फुटलेला, आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकलात तर 'वलंदेज' धरील असा मोठ्यांचा दम. वलंदेज म्हणजे डच, हे आजीला फार उशिरा कळलं. तोवर तो भुताचाच एक प्रकार वाटायचा. त्या भुताचं गाव बघायचं राहिलं होतं.

आता कागदपत्रांची कथा. मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश. आजीचा अजून भारतीय, चाळीस वर्षं लंडनात काढूनही. त्यामुळे मुलं नुसती चालत जातात आणि आजीला शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी बँकेचे कागद, बोटांचे ठसे, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, सगळं आलं. वर आणखी एक पत्र : 'आमची मुलं त्यांच्या आजीबरोबर या तारखेपासून या तारखेपर्यंत जात आहेत, आमची परवानगी आहे.' खाली आईबापांच्या सह्या, फोन नंबर, सोबत त्यांच्या पासपोर्टच्या प्रती. मुलं लेकीची, म्हणून आडनाव वेगळं. वेगळ्या आडनावाची म्हातारी दोन पोरं घेऊन सरहद्द ओलांडते म्हटल्यावर कुणीही विचारणार, आणि विचारायलाच हवं. पोरं पळवून नेणारे बहुधा नात्यातलेच असतात.

बोट रात्री अकराला सुटते. २४० मीटर लांब, पोटात ट्रक, वर केबिनी. केबिनीत वरच्या बर्थवर कोण, यावरून पुन्हा महाभारत. शेवटी दोघंही वर, पायाला पाय लावून, आणि आजी खाली. इंजिनाची थरथर गादीतून पाठीला लागली आणि आजी एकदम भाऊच्या धक्क्यावर जाऊन पोचली. सत्तरच्या दशकातल्या त्या कोकणबोटी : कोकणसेवक, कोकणशक्ती. डेकवर चादर टाकून जागा धरायची, उशाला ट्रंक, आणि रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्लं. बोट किनाऱ्याला लागायची नाही. पडाव यायचे आणि वरून माणसं त्यांत उतरवायची, आधी म्हाताऱ्या, मग पोरं, मग फणस.

"म्हणजे लाइफबोट?" दादूनं वरून विचारलं. नाही रे बाबा. रोजचंच होतं ते.

पत्र दुसरे : रॉटरडॅम आणि किंडरडाइक

सकाळी हुकला उतरल्यावर पासपोर्टाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं परवानगीपत्र वाचलं, मग वाकून चिऊला इंग्रजीत विचारलं, ही कोण? चिऊ म्हणाली, "आजी." त्यानं पुन्हा विचारलं, म्हणजे कोण? चिऊनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि आवाज वाढवून म्हणाली, "आ-जी." दादूनं भाषांतर केलं म्हणून दिवस निभावला.

डब्यात चटणीची सँडविच होती, चीजची नाहीत. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपात येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. सरहद्द ही रेषा सँडविचमधून जाते, हे मुलांना कुठल्याही नकाशापेक्षा लवकर कळलं.

हुकपासून रॉटरडॅमपर्यंत मेट्रो येते. तिथून पाण्यावरची बस, वॉटरबस, पकडून किंडरडाइकला. १९ पवनचक्क्या, बऱ्याचशा १७४० च्या आसपास बांधलेल्या, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. पोस्टकार्डावर बघून आजीला वाटायचं, यांत पीठ दळतात. इथल्या चक्क्या दळत नाहीत, पाणी उपसतात. वाऱ्यावर पाती फिरतात, पात्यांबरोबर लाकडी दातेरी चाकं, आणि खालचं मोठं चाक खोलगट शेतातलं पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकतं. तिथून दार उघडून ते नदीत सोडायचं. वारा फिरला की चक्कीचं डोकं फिरवून वाऱ्याकडे करायचं. आता हे काम पंप करतात, तरी चक्क्यांमधून अजून माणसं राहतात. एका चक्कीच्या अंगणात दोरीवर मुलांचे कपडे वाळत होते. चिऊनं चित्र काढलं ते त्या कपड्यांचं. चक्की मागे, अंगठ्याएवढी.

"पण पाणी उपसायचं कशाला? उतारानं जाऊ दे ना," दादू म्हणाला. इथे आजीला खाजण आठवलं. गोव्याकडच्या खाजणांत बांधाला 'मानस' असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी चढलं की दार आपसूक मिटतं, ओहोटीला आपसूक उघडतं आणि शेतातलं पाणी निघून जातं. माणूस लागत नाही, वारा लागत नाही. डच लोकांनीही सुरुवात अशाच दारांनी केली. पण इथली जमीन कुजलेल्या झाडपाल्याची, स्पंजसारखी. पाणी काढलं की ती आकसते आणि खाली बसते. खाली बसली की पाणी पुन्हा साचतं, पुन्हा काढावं लागतं, जमीन पुन्हा बसते. काही शतकांत शेत नदीच्याही खाली गेलं. मग दार उघडून उपयोग काय, उलट नदीच आत यायची. म्हणून चक्क्या. आपल्याच हातानं खोल केलेल्या खड्ड्यातून हे लोक सहाशे वर्षं पाणी उपसत बसलेत, आणि जग त्यांचं कौतुक करायला तिकीट काढून येतं. कौतुक वाजवी आहे, पण पूर्ण गोष्ट सांगून करावं.

किंडरडाइक म्हणजे 'मुलांचा बांध'. १४२१ च्या मोठ्या पुरानंतर एक पाळणा या बांधाला येऊन लागला, अशी दंतकथा आहे. आत तान्हं मूल, आणि पाळणा उलटू नये म्हणून मांजर इकडून तिकडे उड्या मारत तोल सांभाळतेय. ही गोष्ट ऐकल्यापासून चिऊ प्रत्येक बाकावर इकडून तिकडे उड्या मारते आहे. त्यातच परतीची वॉटरबस चुकली. पुढची येईपर्यंत पाऊस, आडवा, छत्री उलटी करणारा. आजीच्या गुडघ्यानं तेवढ्यात आपलं म्हणणं मांडून घेतलं.

पत्र तिसरे : अॅमस्टरडॅम

इथे सकाळी पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पेरतात. मोठी माणसंसुद्धा, ऑफिसला जाताना, गंभीर चेहऱ्यानं. मुलांना स्वर्ग सापडला आहे. मेतकुटाची पुडी अजून फोडलेली नाही.

ज्यासाठी आलो ते आज झालं. बंदरातल्या नौकावस्तुसंग्रहालयाच्या धक्क्याला वखारवाल्यांचं जहाज उभं आहे, नाव 'अॅमस्टरडॅम'. मूळ नव्हे, हुबेहूब प्रतिकृती. मूळ जहाज १७४९ च्या जानेवारीत पहिल्याच सफरीत वादळात सापडलं, सुकाणू गेलं, माणसं तापानं मरू लागली, आणि कप्तानानं ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर, हेस्टिंग्जजवळ, वाळूत चढवलं. ते वाळूत रुतलं ते अजून तिथेच आहे. मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या वर दिसतात. हेस्टिंग्ज म्हणजे मुलांचा नेहमीचा समुद्र. "आपण तिथे आइस्क्रीम खाल्लं!" दादू ओरडला. माहिती तपासायचं काम त्याचं, आणि ही माहिती त्याच्या पायाखाली होती.

जहाजाच्या आत उतरताना आजी शिडीला पाठ देऊन उतरली, पडावात उतरायची तशीच. तोफांच्या मजल्यावर छत इतकं खाली, की पोरंच तेवढी ताठ चालत होती. मूळ जहाजावर तीनशेच्या वर माणसं होती. तोफांच्या मध्येच झोपायचं, तिथेच जेवायचं, जावातल्या बटाव्हियापर्यंत कित्येक महिने. चिऊनं झुल्यात पडून बघितलं आणि विचारलं, यांच्या आज्या कुठे झोपायच्या? आज्या घरी असत. पत्रांची वाट बघत.

मग तिथेच, दोराच्या वेटोळ्यावर बसून, वेंगुर्ल्याची गोष्ट सांगितली. या वखारवाल्यांची डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. तिचं वैर गोव्याच्या पोर्तुगिजांशी. १६४० च्या आसपास दरवर्षी पावसाळा सरला की डच आरमार येऊन गोव्याची नाकेबंदी करायचं. एवढ्या जहाजांना गोडं पाणी, तांदूळ, भाजी, बातमी कोण पुरवणार? गोव्याला चिकटून आदिलशाहीचं वेंगुर्लं होतं. तिथे वखार घातली. मिरी-कापडाच्या व्यापाराइतकंच महत्त्व होतं ते शेजाऱ्याच्या अंगणावर डोळा ठेवण्याला.

"म्हणजे हेरांचा अड्डा," दादू म्हणाला. भुतापेक्षा हे त्याला जास्त पटलं.

दुपारी राइक्सम्यूझियम. अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, हा या देशाचा मोठेपणा. रेम्ब्रांटसमोर खांद्याला खांदा, पण आशियाच्या दालनात शांतता. तिथे चोळांच्या काळातला नटराज आहे, तमिळनाडूचा, दीड मीटरहून थोडा उंच. तो आतून पोकळ की भरीव, हे बघायला काही वर्षांपूर्वी त्याला रॉटरडॅम बंदरात नेलं आणि जहाजांचे कंटेनर तपासतात त्या क्ष-किरण यंत्रातून ट्रकसकट पार केलं. भरीव निघाला. प्रभावळीसकट. देवाचंही सामान तपासतात म्हटल्यावर मुलांना विमानतळावरचे पट्टे जरा सुसह्य होतील. आजीनं चप्पल काढावी की नाही या विचारात एक क्षण घालवला, मग नुसते हात जोडले. पहारेकऱ्यानं मान वळवून घेतली.

पत्र चौथे : द हेग

माड्युरोडामला बहुतेक दिवस गेला. सगळा हॉलंड १:२५ मापात, १९५२ पासून. पुलाखालून बोटी, विमानतळावर विमानं, सगळं गुडघ्याएवढं. बायनं फक्त एवढं लक्षात ठेवावं, की हे गाव एका मुलाचं स्मारक आहे. जॉर्ज माड्युरो, कुरासाव बेटावर जन्मलेला, नाझींविरुद्ध लढला आणि १९४५ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मेला. आईबापांनी त्याच्या नावानं पैसे दिले. दादूला सांगितलं. चिऊला अजून नाही.

स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. कंपनीचे कागद तिथे ठेवलेत, सव्वा किलोमीटर लांबीचे शेल्फ भरून. त्यात कुठेतरी 'विंगुर्ला' आहे. डच कागदांत आपलं गाव असंच लिहीत. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन वाचनकक्षात बसता येत नाही, म्हणून आजी बाहेरूनच ती इमारत बघून आली. सव्वा किलोमीटर म्हणजे किती, ते मुलांनी फुटपाथवर चालून बघितलं. चिऊ अर्ध्यात दमली.

तिथून पोटपूजेला एका छोट्या सुरिनामी दुकानात. मोठी मऊ पोळी, आत पिवळ्या डाळीचं पुरण पण तिखट, सोबत बटाटा, उकडलेलं अंडं आणि लांबच लांब चवळीच्या शेंगांची भाजी. आजीनं पहिला घास घेतला आणि गप्पच झाली. गल्ल्यावरच्या बाई आजीच्याच वयाच्या. त्यांची बोली भोजपुरीच्या वळणाची, आजीची हिंदी मुंबईची. निम्मं समजलं, निम्मं हातवाऱ्यांनी. त्यांचे पूर्वज करारावर मजूर म्हणून गेलेले. 'लाला रूख' नावाचं पहिलं जहाज १८७३ मध्ये कलकत्त्याहून निघालं आणि ५ जूनला सुरिनामला पोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० माणसं अशी गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांची नातवंडं-पणतवंडं हजारांनी हॉलंडात आली.

बाईंनी विचारलं, इंडियाहून का? आजी म्हणाली, लंडनहून. दादूनं लगेच दुरुस्ती केली, "वेंगुर्ला." तो तिथे एकदाच गेलाय, चार वर्षांचा असताना, आणि पूर्ण वेळ पोट बिघडलेलं होतं. बाईंनी दोन पोळ्या जादा बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. आजीनं मेतकुटाची पुडी त्यांना दिली. भातावर कसं घालायचं ते हातानंच दाखवलं.

आज रात्रीची बोट. आता बायला एक काम आहे. सुनेला घेऊन वखारीशी जायचं आणि दारात उभं राहून फोटो काढून घ्यायचा. चिऊला त्या दाराची उंची मोजायची आहे, आणि बायची उंची आजीला ठाऊक आहे, चार फूट अकरा. श्रावणात गवत माजलेलं असेल. काठी आपटत जायचं, किरडू असतं. आणि तिन्हीसांजेच्या आत परत यायचं.