मधल्या सीटवर कोण बसणार?

गाडीच्या कागदांवर आसनक्षमता पाच लिहिलेली असते. आमच्या घरातही माणसं पाचच. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि 76 वर्षांच्या सासूबाई. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हा हिशेब बरोबर जुळतो. तो खरोखर जुळतो का, हे बघायचं तर बेंगळुरू ते सावंतवाडी असा 600 किलोमीटरचा रस्ता हवा, आणि तोही गणपतीला.

आमची गाडी म्हणजे छोटी लक्झरी एसयूव्ही. ऑडी क्यू3, बीएमडब्ल्यू एक्स1, मर्सिडीज जीएलए यांच्या पंगतीतली. नेमकी कुठली ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते या पंगतीतल्या बहुतेक गाड्यांना कमी-अधिक लागू होतं. तीन वर्षं वापरलेली घेतली, म्हणून आमच्या आवाक्यात आली. या गाड्यांची नावं जर्मन असली तरी जोडणी आपल्याकडेच होते. क्यू3 ची छत्रपती संभाजीनगरला, जीएलएची चाकणला, एक्स1 ची चेन्नईत. हे कळल्यावर सासूबाईंच्या मनातली तिची भीड जरा कमी झाली.

आता ‘छोटी’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे करासाठी छोटी गाडी म्हणजे 4 मीटरच्या आतली. या गाड्या साधारण साडेचार मीटर लांब असतात, म्हणजे सरकारदरबारी त्या मोठ्याच. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा नव्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. तरीही त्या क्रेटापेक्षा जेमतेम वीतभरच लांब. तेव्हा जास्तीचे पैसे मोजून जास्तीची जागा मिळेल, असं समजून कुणी जाऊ नये. पैसे जातात ते बैठकीला, शांततेला आणि वेगात जमिनीला धरून चालण्याला. मागच्या सीटवर आणखी एक माणूस मावण्याला नव्हे.

आई गेली तीन वर्षं गावच्या चतुर्थीला गेल्या नव्हत्या. गुडघे गेलेले, मध्ये गाडी बदलायचा रेल्वेप्रवास झेपत नाही आणि रात्रीच्या बसमध्ये चढता येत नाही. या वर्षी त्यांना न्यायचंच, असं ठरलं होतं. पण पहिल्यांदा मागे बसून पाहिलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य टाकलं होतं, “गाडी बरी आसा, पण पाय खंय ठेवू?”

त्यांची जागा पुढे, हे तेव्हाच पक्कं झालं. या गाड्यांचं खरं सुख मला तिथेच दिसतं. सीटची उंची बाईमाणसाच्या कमरेपाशी येते. आईंना छोट्या गाडीत बसताना खाली धपकन टेकावं लागायचं, नणंदेच्या उंच गाडीत पायरीवर चढावं लागायचं. इथे त्या पाठ करून टेकतात आणि दोन्ही पाय आत घेतात, बस्स. बटण दाबलं की सीट वर येते, मांडीखालचा आधार पुढे सरकतो. गाडी घ्यायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या आणि साडी किंवा धोतर जे काही रोजचं असेल ते नेसून तीनदा चढ-उतर करायला लावा. सनरूफ नंतर बघा.

आई पुढे बसल्या की मागे एक मोठं माणूस आणि दोन मुलं. मुलीची बूस्टर सीट अडकवायची आयसोफिक्सची कडी बाजूच्या जागांनाच असते, त्यामुळे ती खिडकीपाशी. मुलाचे पाय आता बापापेक्षा लांब, म्हणून तो दुसऱ्या खिडकीपाशी. उरली मधली जागा. तिथे जमिनीतून बोगद्यासारखा उंचवटा वर आलेला, पुढे एसीची जाळी गुडघ्यात घुसणारी, आणि पाठ फळीसारखी कडक, कारण हात टेकायचा दांडा घडी होऊन तिथेच बसतो. कुठल्याही घरात त्या जागी कोण बसतं, हे कुणाला विचारावं लागत नाही. दशम्यांचा डबा, पाण्याची बाटली, उलटीची पिशवी हे सगळं ज्या माणसाच्या हाताशी लागतं, ते माणूस मध्येच बसतं.

पहाटे पाचला निघालो. तुमकुरूपर्यंत माझा एक पाय झोपला, चित्रदुर्गच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा दुसरा. पट्टा मात्र मी लावला होता. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, पण 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता हे पोलिसांनी सांगितलं, तेव्हा कुठे घराघरांत त्याची चर्चा झाली. मधल्या जागेचं कुलूप दोन सीटच्या फटीत रुतून बसतं. ते रोज हाताने वर काढून ठेवायची सवय लावून घ्या.

दावणगेरेला बेण्णे डोसे खाल्ले आणि चावी मी घेतली. नवरा मध्ये बसला. हावेरीपर्यंत तो काही बोलला नाही. हावेरीनंतर म्हणाला, “हे असं दर वेळी असतं?” मी आरशात बघितलं आणि गाडी डाव्या लेनला घेतली. त्या दुपारी आमच्या घरात नवा नियम आला. दर 100 किलोमीटरला मधली जागा बदलायची आणि मुलालाही त्यातून सूट नाही. त्याने बरीच कुरकुर केली, पण आजीने पुढून निकाल दिल्यावर गप्प बसला.

चालवायला ही गाडी इतकी गुणी आहे की त्याचीच धास्ती वाटते. आत आवाज येत नाही, त्यामुळे वेग कळत नाही. आपण ऐंशीने जातोय असं वाटतं आणि काटा भलतीकडेच असतो. आईंनी हे काम स्वतःकडे घेतलं. आकडा शंभरच्या वर गेला की त्या नुसतं घसा खाकरायच्या. हुबळी-धारवाड बाह्यवळणाला तर त्याची गरजच पडली नाही. दोन्हीकडे ऐसपैस महामार्ग आणि मधला हा तुकडा वर्षानुवर्षं दोनच लेनचा राहिला होता, समोरून ट्रक अंगावर येणारे. रुंदीकरणाचं काम सुरू झालंय, तरी अजून तिथे जीव मुठीतच असतो. मुक्काम धारवाडला केला. पेढे घेतले, हे वेगळं सांगायला नको. आमच्या पेट्रोल इंजिनने महामार्गावर लिटरला 13 किलोमीटर दिले, शहरात 8 च्या वर जात नाही.

दुसऱ्या दिवशी बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलो. शिनोळीला महाराष्ट्र लागला, पाठोपाठ पाऊस आला आणि चंदगड तालुक्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने डावं मागचं चाक घेतलं. 18 इंची रिम, त्याला टायरची कड बुटकी. ती सरळ फाटली.

स्टेपनी डिकीच्या तळाशी. म्हणजे आधी सगळं सामान रस्त्यावर काढायचं. मखर, कपडे, कॉफीची पाकिटं, आईंची घडीची कमोड-खुर्ची. बाहेर निघालं ते नेहमीच्या चाकाच्या निम्म्या जाडीचं. काजूच्या कारखान्यातून घरी निघालेले दोघे मदतीला थांबले होते. त्यातला एक म्हणाला, “एवढ्या म्हागाच्या गाडीला सायकलीचं चाक दिलंय व्हय?” तात्पुरतंच चाक ते, ताशी 80 च्या वर न्यायचं नाही असं त्यावर छापलेलंही असतं. खरी गंमत पुढे आहे. फाटलेलं जाड चाक त्या बारक्या चाकाच्या खोबणीत मावत नाही. ते चिखलासकट सामानाच्या जागी आलं आणि कमोड-खुर्ची मागे, मधल्या माणसाच्या मांडीवर. पाळी मुलाची होती. गाडी घेताना डिकी किती लिटरची हे सगळे विचारतात. फाटलेलं चाक कुठे ठेवायचं, हे विचारून बघा.

आंबोलीत धुकं इतकं की समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. घाट उतरताना मी हाताने खालचा गिअर धरून ठेवला, ब्रेकवर पाय ठेवावा लागला नाही. आईंनी काच खाली घेतली. ओल्या मातीचा, भाजलेल्या कणसांचा वास आत आला आणि त्या उत्साहाने एकेक वळण नातवंडांना सांगू लागल्या. तीन वर्षांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या.

वाडीतली पाणंद दोन्हीकडून चिऱ्यांच्या गडग्यांनी बांधलेली. आरसे मिटूनही गाडी आत जाईना. देवळापाशी लावली. तिथून घर 200 मीटर, उतार निसरडा. चुलत दिरांनी रिक्षा आणली आणि आई तिच्यातून थेट खळ्यात उतरल्या. माटवी बांधायला माणसं जमलीच होती.

टायर सावंतवाडीत मिळाला नाही. गोव्यातून यायला दोन दिवस लागले. अशा गाडीला दुर्मीळ मापाचा टायर असेल तर लांबच्या प्रवासाआधी चौकशी करून ठेवलेली बरी. पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि परत निघालो, तेव्हा डिकीत आमसुलं, काजू, तांदूळ. जाऊबाईंनी आग्रहाने दिलेले 20 नारळ तिथे मावेनात, म्हणून ते मागे उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना रचले. पहिले 100 किलोमीटर नवऱ्याचे होते. तो गुडघे छातीशी घेऊन बसला, आणि बेळगावपर्यंत आईंनी दोनदा मागे वळून त्याला विचारलं, “पाय बरे आसत मा रे?”