अंगातला कस

निपाणीच्या आसपास तंबाखूचा वास नसलेले घर सापडणे कठीण. आमच्या आजोबांच्या गळ्यात माळ आणि बंडीच्या खिशात विडीचे बंडल, असा जमाखर्च पन्नास वर्षे चालला. गेल्या वर्षी त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. दुखत काहीच नव्हते. म्हणून त्यांनी सारा दोष उष्णतेवर ढकलला आणि सब्जा पीत महिना काढला. न दुखता रक्त जाणे ही मूत्राशयाच्या कर्करोगाची नेहमीची पहिली खूण आणि त्या रोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान, हे आमच्या घरात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

बेळगावला इस्पितळात दुर्बिणीने गाठ खरवडून तपासली. ती मूत्राशयाच्या स्नायूत उतरली होती. आता सबंध मूत्राशय काढायचे, त्याबरोबर प्रोस्टेट ग्रंथीही जायची. मग लहान आतड्याचा साधारण 15 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याला मूत्रनलिका जोडायच्या, त्याचे तोंड पोटावर उजवीकडे काढायचे आणि तेथे जन्मभराची पिशवी. तासन् तास चालणारे हे काम.

घरात लगेच दोन पक्ष पडले. काका म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता कशाला कापायचं?" वडील म्हणाले, "मग काय बघत बसायचं? उद्याच करा." आजोबांना मात्र कोणी विचारले नाही.

डॉक्टरांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. "वय कागदावर लिहिलेलंच आहे. अंगात शिल्लक किती आहे ते बघू द्या," एवढेच ते म्हणाले. या शिलकीच्या अभावाला ते 'फ्रेल्टी' म्हणतात. वजन, स्नायू, दम हळूहळू ओसरले की एरवी माणूस ठीक दिसतो. पण मोठा धक्का बसला की उठत नाही. शस्त्रक्रियेनंतर भ्रम होणे, छातीत कफ साठणे, कायमचे अंथरुण धरणे, हे अशांच्या वाट्याला जास्त येते. आजोबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे जमिनीचा कस बघत्यात तसं." मला तरी याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

ती परीक्षा पाहून मी चकित झालो. यंत्र नाही, सुई नाही. एक खुर्ची, जमिनीवर तीन मीटरची खूण आणि सिस्टरच्या हातात घड्याळ. "एळ्री अज्जा," म्हटले की उठायचे, खुणेपर्यंत जाऊन वळायचे, परत यायचे आणि "कुंद्री" म्हटले की बसायचे. आजोबा शर्यत असल्यासारखे निघाले. सिस्टरने हसून त्यांना परत पाठवले. रोजच्या चालीनेच चालायचे असते.

पुढे पाच गोष्टी पाहिल्या. अमेरिकेतील डॉक्टर लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली ही कसोटी मांडली : वर्षभरात आपोआप घटलेले वजन, थकवा, मंद चाल, हाताची कमजोर पकड आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक लागू पडल्या तर माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. आजोबांची पकड नांगरधऱ्याची, चालही बरी. थकव्याचे विचारताच ते म्हणाले, "कसला थकवा?" मागून आजी म्हणाली, "आंघोळ करून आलं की घटकाभर टेकून बसत्यात, ते सांगा की." वजनही 58 वरून 53 किलोवर आले होते. एकूण दोन.

शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर आजोबांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. कपडे परीटघडीचे. पण खुर्चीचे हात धरल्याशिवाय त्यांना उठता येईना आणि त्यांच्या चार गोष्टी भरल्या. त्यांच्या मुलाशी डॉक्टर बराच वेळ बोलले. मूत्राशय न काढता गाठ खरवडून वर किरणोपचार आणि औषधे देण्याचाही मार्ग असतो. तो त्यांनी धरला. काकांचा वयाचा हिशेब तेथेच कोलमडला.

स्मरणशक्तीसाठी तीन शब्द लक्षात ठेवून घड्याळाचे चित्र काढायचे असते. आजोबा चौथी शिकलेले, त्यांनी काढले. पण पाटीला कधी हात न लावलेल्या म्हातारीला पेन्सिल देणे हा अन्यायच, असे माझे मत आहे.

शेवटी प्रश्न आजोबांनाच विचारला गेला. ते म्हणाले, "पिशवी मला बदलता येत असली तर करा. दुसऱ्याच्या हातची नको." मग सिस्टरने त्यांना बसवून, उभे करून, वाकवून पाहिले आणि धोतराच्या गाठीखाली येणार नाही अशी जागा पोटावर शाईने खुणावली. चार आठवडे मुदत मिळाली. त्याहून फार लांबवणे धोक्याचे होते. विडी बंद. माळकरी म्हणून अंडी नाहीत, तेव्हा दूध, दही, डाळ, भिजवलेले हरभरे. सकाळ-संध्याकाळ चालणे, आणि फुंकर आत ओढून तीन गोळे वर उचलायचे ते प्लॅस्टिकचे खेळणे. वजन दीड किलोने वाढले.

शस्त्रक्रियेनंतर दोन रात्री त्यांना भ्रम झाला. कधीच मेलेल्या बैलाला ते हाका मारत होते. सिस्टरने आधीच सांगितले होते म्हणून आजी घाबरली नाही, चष्मा लावून देऊन उशाशी बसून राहिली. चौदाव्या दिवशी ते घरी आले. पिशवी तेच रिकामी करतात. आणि काका अलीकडे गावभर सांगतात, की ऑपरेशनचा आग्रह मुळात त्यांचाच होता.