साडेपाच

ग्रिनिचची वेळ आणि आपली वेळ यांच्यामध्ये उभा असतो तो साडेपाच. स्वभावाने अबोल. दिवसा त्याची चाहूलही लागत नाही, कारण तेव्हा तारीख दोन्हीकडे एकच असते. त्याचा खरा पहारा मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत.

आणि नेमकं त्याच वेळात प्रताप नगरात दूध वाटलं जातं. एका डेअरीच्या बिलांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. एकदा डेअरीवाल्या काकांचा फोन आला, "ताई, आजचं दूध कालच्या तारखेत काऊन दिसून राह्यलं?" पहाटे 4:40 चं बिल. डेटाबेसात ते यूटीसीप्रमाणे, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेने, 23:10 ला, आदल्या तारखेला नोंदलेलं. साडेपाच मिळवायचा राहिला होता.

घाईत मी क्वेरीत 'यूटीसी+5:30' लिहिलं, तर दूध आदल्या संध्याकाळी 5:40 ला गेलेलं! अशा लिखाणातला अधिक आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, जुन्या पॉझिक्स रीतीने ग्रिनिचच्या पश्चिमेला मोजतो. साडेपाच मिळण्याऐवजी वजा झाला, अकरा तासांची तफावत पडली. मग 'आयएसटी' लिहिलं. आमच्या आवृत्तीत ते नाव निघालं इस्रायलच्या वेळेचं, दोन तासांचं. बिल रात्री 1:10 चं दिसलं. मला सगळ्यात भीती वाटते ती या चुकीची. तारीख जुळते, म्हणून कुणी पुन्हा बघत नाही.

साडेपाच ओ देतो तो पूर्ण नावाला, 'एशिया/कोलकाता'. तेही कॉलमला झोन नसेल तर 'ही वेळ यूटीसी आहे' असं आधी सांगितल्यावरच. नाहीतर पुन्हा वजाच होतो.

नावाचा हट्ट उगीच नाही. 1 जानेवारी 1906 ला साडेपाच भारताची वेळ झाला, पण महायुद्धात 1942 ते 1945 घड्याळं तासभर पुढे होती, तेव्हा तो साडेसहा होता. माझी आत्या 1943 ची. तिची पत्रिका मांडताना गुरुजींनी तो युद्धाचा तास आठवणीने वजा केला होता. 'एशिया/कोलकाता' या नावाला तो तास ठाऊक आहे. नुसत्या 5:30 या आकड्याला नाही.

दुरुस्तीनंतर पहाटे मी स्वतः डेअरीवर गेले. 4:52 ला पहिली पावती निघाली. काकांनी ती दिव्याखाली धरली, तारखेवरून बोट फिरवलं आणि कॅन उचलला.