रंगाचा हात

आमच्या लाल मारुती आठशेचं डावं दार सोसायटीच्या फाटकाला घासलं, तेव्हा गाडी आमची ही चालवत होती. पुढचं आपण ओळखलंच असेल. पण तसं झालं नाही. मी एक अक्षर बोललो नाही. बोललो नाही म्हणूनच ती जास्त खट्टू झाली. किल्ली खुंटीला अडकवून म्हणाली, "आता तुम्हीच चालवा."

गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला, तेवढी आमच्या अख्ख्या गाडीचीही किंमत आली नसती. बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला स्वतःचे द्यायची सवय नसते. "त्यात काय एवढं! घरीच मारू रंग," मी म्हणालो. जगातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू होतात.

रविवारी पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, रंगाचा फवारा आणि वरून मारायचं लॅकर असा सरंजाम मांडला. पेपरचं गणित आधी कळेना. बँकेत आकडा वाढला की वजन वाढतं. इथे आकडा वाढला की खरखर कमी होते. मी चारशे नंबरने तासभर पुट्टी गोंजारली आणि मग ऐंशीने तिला ओरबाडली. करायचं होतं नेमकं उलट.

फवारा वीतभर लांबून मारायचा, हात पातळ द्यायचा आणि दोन हातांमध्ये दहा मिनिटं थांबायचं, असा नियम. थांबा म्हणून सांगणं हे आमचं रोजचं काम. स्वतः थांबायची वेळ कधी आली नव्हती. जवळून एकच भरघोस हात मारला. दार क्षणभर आरशासारखं चमकलं आणि मग ओघळू लागलं. वरच्या गॅलरीतून नाना म्हणाले, "वा! शेवया छान पडल्यात."

पुढच्या रविवारी ओघळ घासून पुन्हा रंग दिला, वर लॅकर मारलं. बाहेर पावसाची झड. लॅकरमधलं थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो, हे ज्ञान मला ऐन आषाढात झालं.

तिसऱ्या रविवारी उघडीप मिळाली आणि काम साधलं. रंग कंपनीच्या नंबराचाच होता. पण नंबर गाडीच्या जन्माच्या वेळचा, आणि गाडी पंधरा वर्षं उन्हात उभी! दार नव्या नवरीच्या शालूसारखं आणि बाकी गाडी विटलेल्या लुगड्यासारखी.

ही खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरून बोट फिरवलं. मी ऑडिटच्या तयारीने उभा.

"अहो, माझा ओरखडा बरा होता की!" ती म्हणाली आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा खळखळून हसली.

सोमवारी संध्याकाळी पाहतो तर खुंटीवर किल्ली नाही. तासाभराने ही भाजीच्या पिशव्या घेऊन आली.

"गाडी नेली होतीस?"

"नेली. आता त्या दाराचं आणखी काय बिघडायचंय?"

तीन रविवार, चार फवारे आणि एक पँट खर्ची पडली. गॅरेजच्या आकड्याशी हिशेब मी अजून जुळवून पाहिलेला नाही. बँकेत असं चाललं नसतं.