सहकुटुंब, सहपरिवार

मंगलकार्याच्या निमंत्रणपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द आपण मोठ्या अगत्याने छापतो; परंतु घरात सहलीचा बेत ठरू लागला म्हणजे त्यांचा आपणांस सोयिस्कर विसर पडतो. वृद्ध माणसे 'घर राखायला आम्ही आहोत ना' म्हणून मागे राहतात. गृहिणी बरोबर येते खरी, पण पहाटेपासून स्वयंपाकघरात राबून अर्धी दमलेली. मग ही सहल झाली कोणाची? आम्ही बडोदेकर कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा पहिला नियम असा की, ज्याचे पाऊल सर्वांत मंद त्याच्या पावलाने बेत आखावा. आमच्या घरी ते पाऊल आजींचे. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघे दुखरे. 'तुम्ही जाऊन या' हे वाक्य त्यांच्या ओठांवर ठेवलेलेच. ते ऐकून घ्यायचे, पण मानायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. दिवसभरात चार स्थळे पाहण्याची हौस सोडून एकच स्थळ निवडले, की त्यांनाही येता येते.

अशा निवडीला बडोद्याइतके अनुकूल शहर विरळा. 'वटोदर' म्हणजे वडाच्या पोटातले गाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आणि सावलीचा तो वारसा विश्वामित्रीकाठच्या कमाटीबागेत आजही भोगावयास मिळतो. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८७९ साली ही बाग लोकांसाठी निर्माण झाली. शंभर एकरांहून मोठ्या या बागेत पोराबाळांना धावता येते आणि वडीलधाऱ्यांना बसता येते. ऊन चढू लागले, की तेथल्याच संग्रहालयात शिरावे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा तेथे आहे. तो पाहिल्यावर आमच्या घरातील सर्वांत वाचाळ बालकही क्षणभर अवाक् होते! मात्र संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, याची आधी चौकशी करावी. बंद दारापाशी मुलांचा जो हिरमोड होतो तो खाऊने भरून निघत नाही.

झाडाखाली सतरंजी पसरली, की खरी सहल सुरू होते. आजी सावंतवाडीकडच्या. लग्न होऊन या मुलखात आल्या त्याला साठ वर्षे होत आली. घरात आम्ही मराठी बोलतो, बाजारात गुजराती, आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी. आजींची कोंकणी या गर्दीत एका कोपऱ्यात बसून असते. घरी मुले त्यांच्यापाशी घटकाभर टिकत नाहीत. पण झाडाखाली त्यांनी 'हांगा बस' म्हटले की नातवंडे मुकाट्याने बसतात आणि माहेरच्या वहाळाची, कुळागराची गोष्ट ऐकतात. त्यातला एखादा शब्द घरी परतल्यावरही त्यांच्या तोंडी राहतो. ही भाषा आमच्या घरात पुढे किती टिकेल, हे आजी मागे राहतात की बरोबर येतात यावर बरेचसे अवलंबून आहे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

दुसरा नियम शिदोरीचा. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे. याहून अधिक नको. दशम्या आदल्या रात्री होतात. कणीक पुरुषमंडळींनी तिंबावी, डबे मुलांनी भरावेत. परतताना भूक लागलीच तर सेव-उसळ आहेच. आपल्या उसळीने गुजराती शेवेशी केलेला हा शरीरसंबंध बडोद्यात चांगलाच मानवला आहे.

तिसरा नियम ऋतूचा आणि पाण्याचा. कार्तिक ते फाल्गुन हे येथले सहलीचे दिवस. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी परतावे. विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात, म्हणून नदी पुलावरूनच पाहावी. नौकाविहाराविषयी तर आम्ही फार कठोर आहोत. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. नावेत मर्यादेबाहेर माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तीही मुले डबे घेऊन, आनंदानेच निघाली होती. तेव्हापासून प्रत्येकाच्या अंगावर जाकीट चढल्याखेरीज आमच्यातले कोणीही नावेत पाऊल ठेवीत नाही; मुले रुसली तर रुसू द्यावीत.

वर्षातून एकदा दूरचा बेतही करावा. सुमारे ५० किलोमीटरांवर पावागड आहे. त्याच्या पायथ्याचे चांपानेर २००४ साली जागतिक वारशात गणले गेले. गडावर उडनखटोला जातो, तथापि त्यापुढेही कालिकामातेपर्यंत पायऱ्या उरतात, हे वृद्धांना आधीच सांगावे. आजींची ओढ मात्र नर्मदाकाठच्या गरुडेश्वराकडे. त्यांच्या मुलखातील माणगावी १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, १९१४ साली तेथे समाधिस्थ झाले. कोंकणातून निघून गुजरातच्या नदीकाठी विसावलेल्या त्या यतीपुढे हात जोडताना आजींना आपलेच गाव भेटल्यासारखे वाटते.

खर्च थोडा, तयारी थोडी, आणि घराला कुलूप. सहलीला याहून अधिक काही लागत नाही. यांपैकी कुलूप सर्वांत महत्त्वाचे. वाचकहो, पुढल्या रविवारी आपल्या घरात कोणी 'तुम्ही जाऊन या' म्हणाले, तर त्यांच्या चपला आधी दाराशी काढून ठेवाव्यात.