कोरेगांव ते सांगली

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही साताऱ्याहून आगगाडीनें सांगलीस निघालों होतों. सोबत जुन्या चित्रपटांच्या प्रती जमविणारे एक स्नेही होते. थोड्याच वेळांत कोरेगांव आलें, आणि फलक दिसतांच त्यांनीं हात जोडले. येथें कोणतें दैवत, असें विचारतां ते म्हणाले, "ना. ह. आपटे येथें राहत असत."

आपट्यांचा जन्म १८८९ सालीं सांगलीजवळील समडोळीचा. त्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून प्रभातनें १९३४ सालीं 'अमृतमंथन' हा बोलपट काढला आणि 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ सालीं 'कुंकू'. एकांत धर्माच्या नांवानें दिल्या जाणाऱ्या बळींचा प्रश्न, दुसऱ्यांत फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेल्या मुलीचा.

"असले विचारांत पाडणारे चित्रपटच तुम्ही कां शोधतां?" आम्हीं विचारलें.

"करमणूक एकदां पाहून भागते. हे पहिल्या खेपेस अर्धेच कळतात. म्हणून जवळ असावे लागतात. आणि गर्दी यांच्याकडे वळत नाहीं, म्हणून हेच आधीं नाहींसे होतात."

मग त्यांनीं 'सावकारी पाश'ची हकीकत सांगितली. कर्जापायीं जमीन गमावून गिरणीमजूर झालेल्या शेतकऱ्याचा हा मूकपट बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं कोल्हापुरास काढला. पौराणिक कथांस सरावलेल्या प्रेक्षकांस तो रुचला नाहीं. आज त्याची प्रत उरलेली नाहीं. त्या काळच्या फिती चटकन पेट घेत. कित्येक तर आंतील चांदीसाठींच नष्ट झाल्या. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें व पी. के. नायर यांनीं ठिकठिकाणाहून फिती जमविल्या. परंतु तोंवर 'राजा हरिश्चंद्र'ला पन्नासांवर वर्षें लोटलीं होतीं.

आम्ही गप्प झालों. दोन वर्षांपूर्वीं माळा आवरतांना वडिलांच्या पेटींतील एक फीत, 'कसली कोण जाणे' म्हणून आम्हींच रद्दीवाल्यास दिली होती. ती कसली होती, हें आतां कधींच कळणार नाहीं.

सांजवेळीं सांगलीस कृष्णाकांठीं बसलों. याच गांवीं १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीता स्वयंवर' केलें. पाहणाऱ्यांचे डोळे मिटले, तसा तो प्रयोगही मिटला. त्यास इलाज नव्हता. चित्रपट मात्र ठेवूं म्हटलें तर राहतो. वाचकहो, माळ्यावरची पेटी रिकामी करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस एकवार विचारावें, एवढीच विनंति.